सादड्याचं आवतण

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यातलं काहीच रचलेलं नाही. जिच्या डोळ्यांदेखत हे घडलं, ती कुसाबाई आज नाशकात गंगापूर रोडला लेकाकडे राहते. विचारलं तर सांगते. पण दिवेलागणीनंतर नाही.

साल १९८१. मार्गशीर्षातला मंगळवार.

कळवणच्या पुढे, गिरणेच्या काठाला तिचं सासर. नवरा गोरक्ष मालेगावात कापडाच्या मागावर कामाला. शुक्रवारी मागाला सुट्टी, तेव्हाच काय तो घरी यायचा. एरवी घरात दोघीच... कुसाबाई आणि तिची सासू चतुराबाई.

चतुराबाई झाडपाल्याचं औषध द्यायची. हगवणीला कुड्याची साल, खोकल्याला बेहडा, खरजेला करंजाचं तेल. पण तिचा खरा भरवसा अर्जुनसादड्याच्या झाडावर. नदीकाठी एक जुनाट सादडा होता. गुळगुळीत, पांढुरका. लांबून बघितलं तर कुणी उघड्या अंगानं उभं आहे असं वाटावं. त्याच्या सालीचा लेप ती मोडलेल्या हाडावर बांधायची. कुसाबाई विहिरीच्या पायरीवरून पडली, तेव्हा तिचा हातही त्याच सालीनं सांधला होता.

साल काढायची एक रीत होती.

आदल्या सांजेला झाडापाशी जायचं. बुंध्याशी मूठभर तांदूळ, हळद आणि सुपारी ठेवायची. मग म्हणायचं, "बाबा, उद्या येते. लागंल तेवढंच नेईन."

याला ती आवतण म्हणायची. न विचारता तिनं जन्मात साल काढली नव्हती.

त्या मंगळवारी कुसाबाई सडा टाकायला दार उघडून निघाली... आणि जागीच थबकली.

उंबऱ्यावर मूठभर तांदूळ. हळद. वर सुपारी.

"आत्याबाई, हे तुमी ठेवलं?"

चतुराबाई बाहेर आली. वाकून बघितलं. तांदूळ ओले होते, त्यांना नदीची रेती लागली होती. तिच्या चेहऱ्याचा रंगच उतरला.

"हात लावू नको," एवढंच बोलली.

सांजेला दोघी चुलीपुढं बसल्या. कुसाबाई भाकरी थापत होती. समोर सासू... तोंड मिटलेलं, नजर जाळावर.

आणि मागच्या दाराबाहेरून आवाज आला.

"चतुरा... उद्या येते. लागंल तेवढंच नेईन."

आवाज चतुराबाईचाच होता.

कुसाबाईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. सासूचे ओठ हललेही नव्हते.

"आत्याबाई... कोण हाय ते?"

"मी आजवर विचारून नेलं," म्हातारी हळूच म्हणाली. "आता ते बी विचारूनच आलं."

"माझ्या मोडल्या हातासाठी लय साल काढली तुमी. तुमच्या जागी मी बसते उद्या."

"आवतण माझ्या नावाचं हाय, पोरी."

दुसऱ्या दिवशी चतुराबाईनं तिला जबरदस्तीनं शेतावर पाठवलं. कांद्याचं रोप लावायचं होतं. "ऊन कलल्याबिगर येऊ नको," असं बजावलं.

कुसाबाई गेली. पण जीव लागेना. भर दुपारी ती बांधावर येऊन उभी राहिली. तिथून घर दिसायचं.

अंगणात चतुराबाई बसली होती. घराकडे तोंड, नदीकडे पाठ. आसपास कुणी नाही.

एवढ्यात पाखरं गप्प झाली.

कोंबड्या दिसेनात. वारा पडला. शेजारच्या रानात चाललेली मोटसुद्धा ऐकू येईना...

मग आवाज आला.

चर्र... चर्र...

हा आवाज कुसाबाईच्या ओळखीचा होता. ओली साल खोडापासून सुटताना असाच आवाज होतो.

ती धावत सुटली. काट्याकुट्यातून, अनवाणी.

चतुराबाई तशीच बसलेली होती. डोळे मिटलेले. चोळीची गाठ जागच्या जागी, कापडावर डाग नाही. अंगणातल्या धुळीत पाऊलसुद्धा उमटलेलं नाही. पण ओल्या सालीचा वास सगळ्या अंगणात भरला होता.

कुसाबाईनं सासूची चोळी सोडली.

पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत वितीएवढ्या रुंदीची कातडी नव्हती.

रक्ताचा थेंब नाही. खाली नुसतं गुलाबी, ओलसर... नुकत्या सोललेल्या सादड्याची आतली बाजू असते ना, तसं.

"दुखलं नाय गं," म्हातारी म्हणाली.

"कोण आलं होतं? बघितलं तुमी?"

"मागं वळले नाय. आपण काढतो तवा झाड बघतं का?"

कळवणच्या डॉक्टरनं भाजल्याचं मलम दिलं. ना पू झाला, ना ताप आला. शुक्रवारी गोरक्ष आला. पाठ बघून त्यानं सादडा तोडायला थेट कुऱ्हाड उचलली. चतुराबाईनं दारात त्याचा हात धरला.

"त्यानं विचारून नेलं, गोरक्ष. तू न विचारता जातो?"

त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली.

कुणाच्या दुखण्याला ती कातडी नेली, कुणाचं काय बरं झालं... कधीच कळलं नाही.

पुढं गोरक्षला नाशकात काम मिळालं आणि तिघं गाव सोडून आली. चतुराबाईनं औषध देणं बंद केलं. पाठ हळूहळू भरत होती.

एक दिवस सासूची पाठ चोळताना कुसाबाई हरखून म्हणाली, "आत्याबाई, भरलं की हो! कुठं होतं ते कळत बी नाय."

चतुराबाईचा तांब्या हातातच राहिला.

"पुरतं भरलं?"

"पुरतं."

तिनं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "दार लाव, कुसा."

"का हो?"

"सादड्याची साल पुरती भरली, की मी परत काढायला जायचे."

त्यानंतर तिनं सुनेला कधी पाठ चोळू दिली नाही.

काही वर्षांनी ती झोपेतच गेली. शेवटची आंघोळ कुसाबाईनं एकटीनं घातली. शेजारणींना आत येऊ दिलं नाही.

पाठीवर काय होतं, असं कुणी विचारलं की कुसाबाई मान हलवते.

"मी बघितलं नाय."

मग अजून ओल लागल्यासारखे स्वतःचे तळवे पदराला पुसत म्हणते...

"पण अंग तर हातानंच चोळायचं असतं ना."