थँक यू म्हणेपर्यंत

हे घडलंय. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर.

भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी कायम हसत आले. उलटे पाय, पांढरी साडी, पिंपळ. मी पुण्याहून केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलंय. त्यामुळे आता तुम्ही मला हसलात तरी माझी तक्रार नाही.

गेल्या वर्षीचा, १९८६ चा ऑक्टोबर. मिशिगनमध्ये ॲन आर्बरच्या बाहेर, तळ्याकाठी आमचं भाड्याचं घर. मी, माझा नवरा शैलेंद्र आणि अडीच वर्षांची दीपा.

शैलेंद्रला तेव्हा शिकारी व्हायचं होतं.

झुरळ निघालं की खुर्चीवर चढून मला हाक मारणारा हा माणूस. ऑफिसातले अमेरिकन बदकं मारायला जातात, म्हणून यालाही जायचं होतं. मागच्या रस्त्यावरच्या मिसेस केलरने घरातलं जुनं सामान विकायला गराज सेल लावला होता. तिथून तिच्या मेलेल्या नवऱ्याची जुनी पंप-ॲक्शन शॉटगन घेऊन आला. नळीखालची लाकडी मूठ मागे ओढून पुढे ढकलायची, की काडतूस आत.

खचाक... खचाक.

दिवसभर घरात तोच आवाज. काडतूस नसताना.

मीही बरोबर होते; बंदूक देताना मिसेस केलरची बडबड चालू होती. त्यांचा डच नावाचा कुत्रा होता म्हणे. मालकाने ज्यावर नेम धरला ते डच आणणारच. दात न लावता. मेलेलं असेल तर पायरीवर ठेवून जायचा, पण जिवंत असेल तर कुणी "थँक यू" म्हणेपर्यंत तोंडातून सोडायचा नाही.

"आणि जो थँक यू म्हणेल, तोच त्याचा मालक," ती म्हणाली.

"कुठाय आता?" मी विचारलं.

"तळ्याकाठी पुरलाय."

म्हातारीला बोलायला कुणी मिळत नसेल, असं म्हणून मी सोडून दिलं.

शनिवारी पहाटे शैलेंद्र आणि त्याचा मित्र विष्णू तळ्यावर गेले. दाट धुकं होतं. घरात मला एक-दोन बार ऐकू आले. उजाडल्यावर दोघं कुडकुडत परत. हात रिकामे.

"एक पडलं यार, पण लव्हाळ्यात," विष्णू म्हणाला.

"मग आणलं का नाही?"

"वहिनी, पाणी कमरेएवढं आहे."

"घोट्याएवढं असतं तरी तुम्ही उतरला नसतात," मी म्हटलं आणि चहा टाकला.

दुपारी कचरा टाकायला मागचं दार उघडलं.

पायरीवर... बदक.

पाणी निथळत होतं. मी उलटंपालटं करून पाहिलं. छर्रे लागलेले होते. पण दाताची एकही खूण नव्हती.

आसपास कुणाकडे कुत्रा नव्हता. शैलेंद्रला त्याचं काय? त्याने अमेरिकाभर, शॉमबर्गपासून सांता क्लारापर्यंत, सगळ्या ओळखीच्यांना फोन केले. मी मारलं, मी मारलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. याच्या नागपूरच्या घरी शस्त्रपूजा म्हणजे विळी आणि पाना-पक्कड. या वर्षी मात्र खरं शस्त्र होतं. पाट नव्हता, म्हणून दीपाच्या स्टुलावर बंदूक ठेवली. हळदकुंकू लावलं. सुपरमार्केटमधली शेवंती वाहिली. शैलेंद्रने हात जोडून, डोळे मिटून नमस्कार केला. एका मेलेल्या माणसाच्या बंदुकीला.

मग पूजेला आलेल्या विष्णूने फोटोसाठी पोझ द्यायला लावली.

खचाक... खचाक.

सोफ्यावर दीपाचं पिवळं कापडी बदक पडलं होतं. शैलेंद्रने त्यावर नेम धरला. "ठो."

"अगेन, डॅडी," दीपा टाळ्या पिटत म्हणाली.

त्याने नळी तिच्याकडे वळवली. "ठो."

दीपा कार्पेटवर पडली. डोळे गच्च मिटून. विष्णू हसला आणि त्याने फोटो काढला.

"तिच्यावर धरू नकोस," मी म्हटलं.

"अगं, रिकामी आहे. मला कळतं ना."

"तुला काय कळतं ते काल तळ्यावर दिसलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या पायरीवर पिवळं बदक होतं.

ओलं गच्च. चिखलाचा वास.

"दीपाने टाकलं असेल," शैलेंद्र म्हणाला. पण दाराची वरची कडी मी स्वतः लावली होती. दीपाचा हात तिथे पोचत नाही.

मग मला आठवलं... पिवळ्या बदकानंतर याने कशावर नेम धरला होता.

मी धावले. दीपाचा पलंग रिकामा. चादरीवर तळ्याचं शेवाळ.

हॉलमधून आवाज आला...

धापा टाकल्यासारखा.

दीपा चालत येत होती. कमरेपर्यंत भिजलेली, ओठ निळे. तिची एक बाही हवेत ताणलेली होती. टोकातून पाणी ठिबकत होतं.

ती बाही ओढणारं... कुणीच नव्हतं.

तिला शैलेंद्रच्या पायाशी आणलं गेलं. मी तिला कवटाळलं, ओढलं. बाही सुटेना.

"म्हण," मी शैलेंद्रला म्हटलं. "थँक यू म्हण."

त्याने तोंड उघडलं. आवाज नाही. नुसता बघत राहिला, झुरळाकडे बघतो तसा.

तेवढ्यात दीपाने खाली बघितलं. प्रत्येक बिस्किटामागे मी तिला जे म्हणायला लावते, तेच म्हणाली.

"थँक यू, डॉगी."

बाही खाली पडली.

त्याच सकाळी आम्ही बंदूक मिसेस केलरला परत द्यायला गेलो. तिने विचारलं फक्त एकच...

"थँक यू कोण म्हणालं?"

दीपाने हात वर केला.

म्हातारीने बंदूक घेतली आणि दार लावून घेतलं.

आता जानेवारी आहे. तळं गोठून दगड झालंय. शैलेंद्र सगळ्यांना सांगतो, दीपा झोपेत चालते. पुन्हा त्याचे फोन सुरू झालेत. आता टेनिस.

काल तो गाडीवरचा बर्फ खरवडत होता. दीपा खिडकीत उभी होती. तिने एक डोळा मिटला, हात लांब केला. मी तिचा हात धरायच्या आत...

"ठो."

आज पायरीवर त्याचा हातमोजा होता. पाणी निथळत होतं. गोठलेल्या तळ्याचं.

दाताची खूण नव्हती.

मोज्यानंतर काय येणार, ते मला माहीत आहे. तो आत टाय बांधत शीळ घालतोय.

मी गुडघे टेकून दीपाला म्हटलं, "राणी, थँक यू म्हण. आत्ता."

"नो. डॅडी डिड इट टू मी फर्स्ट."

आणि तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

आतली शीळ थांबली आहे.