पहिला डोळा

"अपात्र," स्वयंशल्यक गोड आवाजात म्हणाला आणि शेवंताबाईंच्या डोळ्यावर टेकलेली काचेची वाटी अलगद वर गेली.

चंद्रपूरच्या त्या नेत्रसंस्थेत सकाळपासून या यंत्रानं नऊ जणांना पात्र ठरवलं होतं आणि चार-चार मिनिटांत त्यांचे मोतीबिंदू काढून त्यांना चहा प्यायला पाठवलं होतं. शेवंताबाई मेश्राम दहाव्या. बासष्ट वर्षांच्या, जन्मभर बांबूच्या टोपल्या विणलेल्या. एक डोळा कामटीची काडी लागून केव्हाच गेलेला, आणि उरलेल्या एकात हा मोतीबिंदू.

"का म्हणते जी ते?" त्यांनी विचारलं.

"तुमचा डोळा त्याच्या सोयीचा नाही म्हणतंय," डॉ. कुसुम धोटे म्हणाल्या. शेवंताबाईंना त्याच इथं घेऊन आल्या होत्या आणि आता त्यांचं डोकं तापलं होतं. एकाहत्तर वर्षांच्या धोटेबाईंनी यंत्रानं हाकललेले असे कितीतरी डोळे आपल्या छोट्या दवाखान्यात हातानं बरे केले होते. वर्षापूर्वी त्यांच्याच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि हातातलं पातं खाली ठेवावं लागलं. आता त्या तोंडानं भांडत होत्या, एवढंच.

संस्थेचा संचालक डॉ. श्रीरंग मुळावकर एकेकाळचा त्यांचाच विद्यार्थी. तो धावत आला.

"मॅडम, यंत्राला दोष देऊ नका. सेकंदाचे अब्ज भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख, तेवढा वेळ टिकणारं लेसरचं स्पंदन. असल्या स्पंदनांनी ते भिंगावरचं आवरण गोल कापतं, आतल्या मोतीबिंदूचा भुगा करून ओढून घेतं. पण प्रकाश आत पोचायला हवा ना? यांची बाहुली औषध घालूनही उघडत नाही आणि मोतीबिंदू पिकून काळा झालाय. बळजबरी केली तर डोळा जाईल."

"ते मला शिकवू नकोस. पूर्वी लेसर फक्त चिरा द्यायचा, बाकीचं माणूस करायचा. तेव्हा असल्या डोळ्यांचं काय करायचो आपण?"

"हातानं काढायचो."

"आणि आता?"

श्रीरंगनं स्वतः कित्येक वर्षांत पातं हातात धरलं नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी हस्तशल्य हा विषय अभ्यासक्रमातून काढला गेला होता. यंत्र असताना कोण कशाला शिकेल? "शंभरात चारच अपात्र निघतात, मॅडम," तो कसाबसा म्हणाला.

"मग दारावरच्या पाटीवर 'शंभरात शंभर यशस्वी' असं का लिहिलंय? जे जमणार नाहीत त्यांना मोजायचंच नाही, आणि वर मिरवायचं. ज्याचा डोळा आहे त्याला एवढंही सांगायचं नाही? लाज कशी वाटत नाही रे तुम्हाला?"

शेवंताबाईंकडे तीन महिने होते, फार तर. त्यानंतर तो मोतीबिंदू आतच फुटणार, डोळ्यातला दाब चढणार आणि मग कुणी काढूनही उपयोग नव्हता.

श्रीरंग हुशार होता. "मॅडम, रागावू नका, पण उपाय सोपा आहे. तुमचे डोळे यंत्राकडून करून घ्या. महिन्याभरानं तुम्हीच यांना हातानं करा."

धोटेबाई यंत्रापासून लांब राहिल्या होत्या ते निव्वळ हट्टानं. पण हट्ट काही शेवंताबाईंच्या डोळ्यापेक्षा मोठा नव्हता. त्यांनी बाहुली मोठी करायचे थेंब घालून घेतले, अर्धा तास डोळे मिटून तणतणत बसल्या आणि मग टेबलावर आडव्या झाल्या. काचेची वाटी उजव्या डोळ्यावर टेकली.

"अपात्र." मग डाव्यावर. "अपात्र."

पस्तिशीत दोनदा त्यांच्या डोळ्यांना आतून सूज आली होती. बाहुली तेव्हाच भिंगाला चिकटली असणार. जगाचे डोळे तपासता तपासता स्वतःचे तपासायचे राहून गेले होते. बाई उठून बसल्या आणि या वेळी स्वतःवरच चिडल्या.

यंत्राच्या पडद्याशी बसलेली डॉ. फिरदौस पठाण इतका वेळ ऐकत होती. एकोणतीस वर्षांची, संस्थेतली सर्वांत तरुण शल्यचिकित्सक, पण डोळ्याला हात लावायची वेळच तिच्यावर कधी आली नव्हती. डुकरांच्या डोळ्यांवर मात्र ती हौसेनं हस्तशल्याचा सराव करायची.

"मॅडम, मी करते शेवंताबाईंचं," ती म्हणाली. "तुम्ही शेजारी उभं राहून सांगा."

"कायद्यानं बंदी नाही," श्रीरंग घाईनं म्हणाला. "सर्व धोके समजले आहेत, अशी रुग्णाची सही लागते, बस."

"देते मी अंगठा," शेवंताबाई म्हणाल्या. "तसाही अंधारच हाये."

"अजिबात नाही," धोटेबाई कडाडल्या. "ऐका तुम्ही सगळे. माझ्या हातून गेलेला पहिला डोळा लक्ष्मण कोवे नावाच्या माणसाचा. शिबिरात आले होते बिचारे. हा माझा पहिलाच डोळा आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पट्टी सोडल्यावर काही दिसेना, तर उलट तेच माझी समजूत काढायला लागले. नशिबात नव्हतं म्हणाले. नशीब नव्हतं ते, मी होते. आमचे सगळ्यांचे हात असेच बसले, ज्यांना विचारायची कुणाला गरज वाटली नाही त्यांच्या डोळ्यांवर. पुन्हा ते होणार नाही. फिरदौस, तुझा पहिला डोळा शेवंताबाईंचा नसेल."

"मग कुणाचा?"

"तो कागद आण इकडे. सर्व धोके समजले आहेत, हे खरं खरं लिहून देईल अशी एकच रुग्ण आहे इथं."

श्रीरंगनं हात जोडले, विनवण्या केल्या. बाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

चार दिवसांनी धोटेबाई पुन्हा टेबलावर आडव्या झाल्या. उजवा डोळा बधिर केला होता, पण त्या पूर्ण जाग्या होत्या. आपल्याच डोळ्यात चाललेलं काम त्यांना आतून दिसत होतं: वरून सांडणारा पांढरा उजेड, त्यात सरकणारी हत्याराची सावली. फिरदौसनं छोटे आकडे लावून बाहुली ताणली. "छान," बाई म्हणाल्या. आवरण गोल कापलं. "छान. आता घाई नको." मोतीबिंदूचा काळा गोळा हलला, कडेला सरकला आणि एकाएकी सगळा उजेड विस्कटला. फिरदौसच्या आधी बाईंनाच कळलं.

"थांब. मागचं आवरण फाटलं. हत्यार ओढू नकोस, आहे तिथंच धर." त्यांनी तिला एकेक पायरी सांगितली. पण डोळ्यात रक्त उतरलं ते उतरलंच. फिरदौसनं शेवटचा टाका घातला आणि डोळ्यावर पट्टी बांधली.

आठवड्यानं त्या डोळ्यात उजेड आणि अंधार, एवढंच उरलं होतं.

"मी तुमचा डोळा घालवला, मॅडम," फिरदौस रडत म्हणाली.

"हो, घालवलास. रडून झालं की कुठं चुकलीस ते सांग. मला आतून दिसत होतं. लक्ष्मण कोव्यांनाही दिसलं असेल, पण त्यांना कोण विचारणार?"

फिरदौसनं डोळे पुसले. गोळा सरकवताना डाव्या हाताचा दाब जास्त पडला, त्याच वेळी आत पाणी कमी झालं, आवरण वर आलं आणि हत्याराला लागलं. तिनं हे एकदा सांगितलं. बाईंनी पुन्हा सांगायला लावलं, मग तिसऱ्यांदा. त्यानंतर महिनाभर रोज डुकरांचे डोळे आणवले आणि हत्याराचा बारीक आवाज ऐकत बाई शेजारी बसून राहिल्या. आणवलेल्या शेवटच्या अकरा डोळ्यांत आवरण एकदाही फाटलं नाही.

"आता तो कागद. आधी माझा डावा डोळा, मग शेवंताबाईंचा," धोटेबाई म्हणाल्या.

"मॅडम, वेड लागलंय का तुम्हाला?" श्रीरंगचा आवाज चढला. "तुमचा आता एकच डोळा राहिलाय."

"शेवंताबाईंनाही एकच आहे. त्यांच्याकडून अंगठा घ्यायला निघाला होतास तेव्हा नाही आठवलं ते?"

श्रीरंगनं कागद पुढे केला. धुरकट डाव्या डोळ्याला सहीची जागा दिसेना, तेव्हा फिरदौसनं त्यांचा हात धरून बरोबर रेषेवर नेऊन ठेवला. तिचा हात थरथरत नव्हता.