डाव्या बाजूचं मागचं दार

पूर्णगडला मी गेलो तो एका जुन्या गाडीच्या दाराचं लॉक बघायला. काम एवढंच होतं.

माझी बरीच वर्षं बोटीवर, इंजिनरूममध्ये गेली. आता भाट्याला घरामागे छोटंसं वर्कशॉप आहे. जुन्या गाड्यांची दारं, खटके, कुलपं यात माझा जीव रमतो. या गाड्यांचे नवे भाग मिळत नाहीत. झिजलेल्या तुकड्यावर पितळ चढवायचं, मग कानशीनं घासत घासत त्याला मूळ आकारात आणायचं. दार लागताना ‘खट्‌’ असा एकच भरीव आवाज आला की काम झालं.

माझ्या ओळखीतला सुजय मुंबईहून पूर्णगडला घरी आला होता. त्याच्या बहिणीचं, वैष्णवीचं लग्न तोंडावर आलेलं. वडिलांच्या गाडीतूनच मांडवात जायचं, असा तिचा हट्ट. वडील म्हणजे गंगारामकाका, वर्षापूर्वी वारले. त्यांची ती डुक्कर फियाट, पुढची दारं उलटी उघडणारी. एके काळी गावात तेवढी एकच गाडी. कुणी आजारी पडलं, कुणी अडलं, की काका गाडी काढायचे.

मी एसटीनं सकाळीच पोचलो. गाडी घरामागे चिऱ्याच्या शेडमध्ये होती. इंजिन सुजयनं चालू करून घेतलं होतं, पण चारही दारं खुळखुळत होती. डाव्या बाजूचं मागचं दार तर काथ्याच्या दोरीनं करकचून बांधलेलं.

“हे मी कधी उघडलेलं बघितलंच नाही,” सुजय म्हणाला. “बाबा हात लावू द्यायचे नाहीत.”

दोरी सोडली. एकेका दाराचं आतलं पॅनल काढून लॉक बाहेर घेतलं. तीन लॉकं गंजून घट्ट झालेली. खाऱ्या हवेत दुसरं काय होणार! चौथं मात्र, त्या बांधलेल्या दाराचं, लखलखत होतं. त्याची जीभ झिजून अगदी गोल झाली होती, रोजच्या वापरातल्या विळीच्या पात्यासारखी. गंजाचा ठिपका नाही. मी दाराच्या पोकळीत हात घातला तर बोटांना ओला पाला लागला. शेवाळाचा वास आला. मार्गशीर्ष लागलेला, बाहेर सगळं कोरडं ठणठणीत, वर कौलं शाबूत. पाला आला कुठून? मी तो काढून टाकला आणि कामाला लागलो, पण का कोण जाणे, पाठ शेडच्या दाराकडे करून बसवेना.

चौथं लॉक बसवलं तेव्हा उन्हं कलली होती. दार लोटलं. खट्‌. वैष्णवीनं टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात सुजयची आई, यमुनाकाकी, पावसहून बाजार करून परतली. तो आवाज तिनं अंगणातच ऐकला असावा. हातातल्या पिशव्या तिथंच टाकून ती शेडपाशी आली.

“दोरी कुणी सोडली?”

“मी, काकी. आता दोरी नको. लॉक नवं केल्यासारखं झालंय.”

ती दाराकडे बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “विनीत... दार लावलंस तेव्हा ती आत होती, का बाहेर?”

“कोण ती?”

सुजय वैतागला. “आई, हे काय आता?” पण वैष्णवीनं तिला पायरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि काकीनं सांगितलं ते आम्ही तिघांनी ऐकलं.

सुजयच्या जन्माआधीची गोष्ट. कोळीवाड्यातली येसूबाई. पहिलटकरीण. नवरा बोटीवर. संध्याकाळी कळा सुरू झाल्या म्हणून काका तिला आणि तिच्या सासूला घेऊन रत्नागिरीला निघाले. पावस सोडल्यावरच्या मोठ्या वळणावर येसूबाई वेदनेनं दारावर रेलली आणि खटका सुटला. खाली पऱ्या वाहत होता. ती सापडली ती त्या पाण्यात, पाल्यापाचोळ्यात.

“त्यानंतर दिवेलागणीला हे दार वाजायला लागलं,” काकी म्हणाली. “कुणीतरी बाहेरून हँडल ओढायचं. तुझे काका रोज एकटेच शेडमध्ये जाऊन दोरी सोडायचे, दार उघडं धरून जरा वेळ उभे राहायचे, परत बांधायचे. ते गेल्यावर मी करते. ती बसते, बाबा. पण गाडी जात नाही कुठं... मग उतरते.”

“आणि हे तू आम्हांला आज सांगतेस?” सुजय म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, पण चेहरा उतरला होता. “मी गाडी रस्त्यावर काढून बघणार. गाडी चालताना दार उघडत नाही एवढं बघायचंय. लग्नात ही बसणार आहे तिथं.”

“गो वैष्णवी, तू जाऊ नको,” काकी म्हणाली.

वैष्णवी हसली आणि जाऊन बसलीसुद्धा.

मी मागे डाव्या दाराशी बसलो, खडखड ऐकायला. माझ्या उजवीकडे वैष्णवी. पावस मागे पडलं. खिडकीबाहेर कलमांच्या बागा काळवंडत होत्या. गाडी छान चालली होती, दारं मुकी. मी सुजयला तसं सांगणार, एवढ्यात ते वळण आलं.

दारावर बाहेरून थाप पडली. तळव्यानं मारावी तशी.

“काय वाजलं?” सुजयनं विचारलं.

पुन्हा थाप. मग माझ्या मांडीजवळची आतली कळ हलली. बाहेरचं हँडल कुणी ओढलं की या लॉकची आतली कळ थोडी हलते. ती हलत होती... थांबत होती... पुन्हा हलत होती. सुजयनं वेग वाढवला. थापा मागे पडल्या नाहीत. काचेवर बाहेरच्या बाजूनं वाफेचा एक ठिपका धरला. विरला. पुन्हा धरला. भराभर, जवळजवळ. कुणीतरी धापा टाकत होतं.

मी केलेला खटका घट्ट बसला होता. ती आत येऊ शकत नव्हती, ते माझ्यामुळे. मला बोटीवरची वादळं आठवली नाहीत, देव आठवला नाही. एवढंच वाटलं की बाहेर एक अडलेली बाई आहे आणि आपण दार धरून बसलोय.

“सुजय... थांबव.”

“विनीतदादा, नको...” सुजय म्हणाला.

“थांबव म्हणतो ना!”

गाडी थांबली. मी दार उघडून खाली उतरलो. रस्त्यावर कुणी नव्हतं. रातकिडेही गप्प. मी काकांसारखं दार धरून उभा राहिलो. म्हटलं, “या... बसा.”

शेवाळाचा वास माझ्या अंगावरून गेला. मागची स्प्रिंग कुरकुरली आणि गाडी त्या बाजूला खाली बसली. वैष्णवी, कुणी न सांगता, पलीकडच्या खिडकीकडे सरकली. जागा करून दिल्यासारखी.

मी दार लावलं आणि पुढे जाऊन बसलो.

“परत फिरू?” सुजयनं कुजबुजत विचारलं.

मागून वैष्णवी म्हणाली, “सिव्हिलला चल, दादा. लवकर.”

गोळप गेलं. भाट्याचा पूल आला. खाडीवरचं वारं, पलीकडचे दिवे. कुणी मागे वळून बघितलं नाही. मागे श्वास चालू होता, तो वैष्णवीचा नव्हता. सिव्हिल हॉस्पिटलच्या फाटकाशी सुजयनं गाडी उभी केली. मी उतरून दार उघडलं. क्षणभर काहीच नाही. मग गाडी हलकेच वर उचलली गेली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुजयनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. इतक्या वर्षांनी ती पोचली होती.

फाटकावरचा वॉचमन बॅटरी घेऊन जवळ आला. “गाडी इथं लावू नका हो,” म्हणाला. मग मागच्या सीटवर उजेड टाकून त्यानं आत पाहिलं. “बाई गेल्या आत. पण बाळाला गाडीत का ठेवलंय? गार वारं आहे.”

सुजयनं गाडी वळवली ती घराच्या दिशेनं. लग्नाला त्यानं दुसरी गाडी केली, असं पुढे कळलं. वैष्णवीला त्या संध्याकाळबद्दल विचारलं तर म्हणते, मी वाटभर झोपले होते.

त्या रात्री पूल ओलांडून भाट्याला माझ्या घराशी मी उतरलो. माझी हत्यारांची पिशवी मागे होती, म्हणून डावं दार उघडलं. वैष्णवी डोळे मिटून बसली होती. तिचा डावा हात शेजारच्या रिकाम्या सीटवर होता आणि ती हलके हलके थोपटत होती.

मी पिशवी उचलली. दार लोटणार तोच ती डोळे न उघडता म्हणाली,

“हळू लावा, विनीतदादा... आत्ताच निजलंय.”

मी दोन्ही तळवे दारावर ठेवले आणि खटका बसेपर्यंत नुसतं दाबत राहिलो.