बेचाळीस चुली

सांबरगडाच्या कड्यावर उजाडू लागले की आधी धुके दिसे, मग तट, आणि तटामागून एकेक करून वर चढणारे चुलींचे धूर. खाली माळावर पडलेल्या यासीनखानाच्या छावणीत ते धूर मोजायला दोन माणसे नेमलेली होती. वेढ्याला पाच महिने झाले होते, आणि गडावर वस्ती किती उरली हे जाणण्याचा याहून खात्रीचा मार्ग खानापाशी नव्हता. गेला महिनाभर रोज सकाळी गणती एकच येई: बेचाळीस.

त्या दिवशीही बेचाळीसच आली. पण त्या बेचाळीस चुली पेटवणारी बाई एकटी होती.

गडाचे मोठे टाके कार्तिकात फुटले. खानाच्या तोफेचा गोळा दारूच्या कोठारावर पडला, कातळ हादरला, आणि पावसाळाभर साठवलेले पाणी एका भेगेतून दरीत निघून गेले. उरला एक पाझर, दिवसाला घागरभर देणारा. चारशे माणसे त्याच्यावर जगणार नव्हती. गड सोडून जाणे म्हणजे आपल्या हाताने आपले नाव पुसणे, हे गडाचे हवालदार सोमाजी वाघोले जाणून होते. तरी त्यांनी ठरवले की सारी वस्ती चोरवाटेने उतरवायची आणि बारा कोसांवर, नदीपलीकडे, स्नेही देशमुखांच्या मुलखात न्यायची. म्हातारी, लेकरे, जखमी यांना घेऊन पाच दिवस लागणार होते. खानाच्या घोड्यांना एक दिवस पुरला असता.

तेव्हा साळूबाई पुढे आली. टाक्याची राखण तिच्या सासरच्या नाईक घराण्याकडे होती. नवरा वेढ्याच्या पहिल्याच महिन्यात तटावर पडला होता, आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी सासूही गेली. नाईकांच्या रिवाजाप्रमाणे गडाच्या उत्तर टोकावर सरण पेटले.

"एका माणसापुरतं पाणी आहे," साळूबाई हवालदारांना म्हणाली, "तर एक माणूस राहील. चुली मी पेटवीन."

पहाटेच्या धुक्यात शेवटचा माणूस चोरवाटेने उतरला. साळूबाईने भाल्यांना पागोटी बांधून ती तटावर उभी केली, आणि निखाऱ्यांचे खापर घेऊन ती घरोघर निघाली. गवंड्याच्या घरी, परटाच्या घरी, बाळंतिणीच्या घरी, जिथे पाळण्याची दोरी अजून लोंबत होती. दार ढकलताना सवयीने ती "आहे का कोणी?" म्हणे, आणि मग शेणी रचायला बसे.

गणती मोडू नये एवढेच तिच्या मनात होते, आणि तिथेच ती चुकली. त्या गडावर ज्या घरात माणूस मरे, त्या घरी दहा दिवस चूल पेटत नसे. शेजारी भाकरी आणून देत. सासूची चूल वगळून खरी गणती एकेचाळीस यायला हवी होती.

छावणीत हे एकालाच उमगले. तो होता धाकोजी नाईक, साळूबाईचा धाकटा दीर. सहा महिन्यांपूर्वी हवालदारांशी बिनसून, बायको सगुणा आणि पोरे गडावर ठेवून, तो खानाला मिळाला होता. गड पडला की देशमुखीची सनद त्याच्या हाती पडायची होती. उत्तर टोकावरचे सरण त्याने खालून पाहिले, आणि अंथरुणाला खिळलेली आई गेली हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. परक्या छावणीत त्याने एकट्याने सुतक धरले. आणि आता आईच्या घरातून धूर निघत होता.

दुसऱ्या दिवशी, गडाशी बोलणी करून येतो असे खानाला सांगून तो एकटाच वर चढला. दरवाज्याची दिंडी साळूबाईने उघडली.

"या, भावजी. सापडली का वाट?"

"आईच्या घरात चूल पेटलीय, वहिनी. शेजारी असते तर पेटली नसती. कुठं गेले सगळे?"

धाकोजीने तिच्या खांद्यावरून आत पाहिले. एकाही अंगणात माणूस नव्हता.

"माझी पोरं?"

"तीही गेली. तुमच्या नावानं सारा गड थुंकतो, पण सगुणेला कुणी मागं टाकलं नाही."

तो पायरीवर बसला. "अजून किती दिवस लागतील त्यांना?"

खोटे बोलता आले असते. तिने त्याच्याकडे नीट पाहिले आणि खरे सांगितले. "तीन."

तो किंचित हसला. "देशमुखी कुणावर करणार होतो मी? तुमच्या एकटीवर?"

"मी नसती चालवून घेतली," साळूबाई म्हणाली, आणि तिने त्याला अर्धी भाकर आणून दिली. आईच्या चुलीवरची ती भाकर त्याने तिथेच बसून खाल्ली.

खाली जाऊन त्याने खानाला सांगितले की गडावर तीनशे हत्यारे आहेत, धान्य आहे, पण हवालदारांचे मन खचले आहे. तीन दिवसांची मुदत दिली तर दरवाजा आपण होऊन उघडेल. खानाने मुदत दिली. त्या तीन दिवसांत धाकोजीला पळून जाता आले असते. तो गेला असता तर त्याच घटकेला स्वार सुटले असते. म्हणून तो रोज खानाच्या नजरेसमोर बसून राहिला.

चौथ्या दिवशी दरवाजा उघडला, आणि आत भाल्यांवरची पागोटी आणि एक बाई सापडली. दरवाज्यातच धाकोजीची गर्दन मारली गेली. साळूबाईला खानाने जाऊ दिले. फौजेचे ठाणे मात्र त्याला गडावर बसवता आले नाही. घागरभर पाण्यात घोडी जगेनात. आठव्या दिवशी छावणी उठली. पुढे त्या गडावर कोणाची वस्ती झाली नाही.

नदीपलीकडे नवे गाव बसले. नदीच्या घाटालगतची काळ्या मातीची जागा हवालदारांनी साळूबाईसाठी राखून ठेवली होती. घराची जागा आखणारी खुंटी सगुणेला मिळाली ती गावाबाहेर, खडकाळ चढावर. फितुराच्या घराला पाणवठ्यापाशी कोणी जागा देईना. साळूबाईने घडले ते सारे लोकांसमोर सांगितले. लोकांनी ऐकून घेतले. मेलेल्या दिराची लाज झाकते आहे बिचारी, असे आपसांत म्हणत ते उठले. साक्षीला कोणी नव्हते.

साळूबाईने घाटालगतची आपली खुंटी उपटली आणि ती चढाकडे चालू लागली.

"बाई, तिथून पाणी फार लांब पडेल," हवालदार म्हणाले.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

त्या चढावर दोन घरे उभी राहिली, आणि कित्येक वर्षे दोनच राहिली.