कार्तिकीपर्यंतची गादी

“व्रत झेपेल तेवढंच घ्यावं, निशू. पण एकदा घेतलं की त्याची दवंडी पिटू नये… आणि कुणाच्या भिडेखातर सोडूही नये.”

कुसुमआत्याचा हा आवाज निशिगंधाला कुठेही गाठायचा. त्या दिवशी त्यानं तिला गाठलं ते जर्मनीत, ब्राउनश्वाइगमधल्या एका कॅम्पिंगच्या दुकानात. बाहेर जुलैचं लख्ख ऊन होतं. फुटबॉलचा विश्वचषक संपला तरी गाड्यांवरचे झेंडे अजून उतरले नव्हते. निशिगंधा मात्र तंबूंच्या चित्रांवर बोट फिरवत उभी होती.

“देवा, यातला कुठला घेऊ रे…” ती पुटपुटली.

“कुठलाच नको,” मागून स्वच्छ मराठीत उत्तर आलं. “पाठीचा पार भुगा होतो.”

ती दचकून वळली. उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या दुमडलेला एक तरुण. डोळ्यांत खट्याळ हसू.

“घाबरू नका, मी देव नाही. हृषिकेश पाटणकर. वोल्फ्सबुर्गजवळ गाड्यांच्या सीट बनवतो. जगाला आरामात बसवणं हा माझा धंदा, म्हणून राहवलं नाही.”

“मला तंबूच हवाय,” ती हळू आवाजात म्हणाली. “शोभनावहिनींनी सांगितलंय. ब्रांडेनबुर्गला वाळूतला तो संगीत महोत्सव आहे ना… त्यासाठी.”

“शोभनावहिनी? म्हणजे जयंतची बायको?” तो डोक्याला हात लावून हसत सुटला. “अहो, जयंतनं मला पाठवलंय, त्याच महोत्सवासाठी वोनमोबिल ठरवायला!”

झालं होतं ते असं. जयंत एका जर्मन वाद्यवृंदात तबला वाजवायचा. यंदा त्यांचा कार्यक्रम होता त्या ‘वाळवंटात’. एके काळी रणगाड्यांनी गवताची काडीही शिल्लक ठेवली नव्हती, म्हणून सरावाच्या त्या मैदानाचं गावकऱ्यांनी ठेवलेलं हे नाव. तबला दवात भिजू नये म्हणून जयंतला हवं होतं वोनमोबिल, म्हणजे चाकांवरचं घर. शोभनाला तारे बघत झोपायचं होतं तंबूत. नवराबायकोचं जमेना, तेव्हा दोघांनीही एकमेकांच्या नकळत आपापला वकील धाडला होता. एक शेजारीण, एक मित्र.

“आल्झो… तर मग,” हृषिकेश काउंटरला टेकून म्हणाला, “त्यांचं राहू द्या. तुमचं स्वतःचं मत काय? तंबू का?”

निशिगंधा पुन्हा तंबूंची चित्रं चाळू लागली. कारण होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. आषाढी एकादशीला तिनं चातुर्मासाचा नेम धरला होता. कार्तिकीपर्यंत गादी वर्ज्य, जमिनीवर झोपायचं. तंबूत तो आपसूक पाळला गेला असता, कुणाला कळलंही नसतं. आणि कळू नये असं तिला फार वाटायचं. पुण्यात एका स्थळानं पोह्यांची बशी हातात धरून विचारलं होतं, “लग्नानंतर हे उपासतापास बंद ना?” आणि तो हसला होता. ते हसू तिच्या मनात काट्यासारखं राहिलं होतं.

“असंच…” ती म्हणाली.

“‘असंच’वर खटला जिंकता येत नाही, वकिलीणबाई.”

वोनमोबिल ठरलं.

मग फोन सुरू झाले. सामान काय घ्यायचं, शिधा किती… निमित्तं सगळी खरी होती, फक्त जरा जास्त होती. ती कांदा-लसूण खात नाही हे त्याला कळलं. सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय चहा घेत नाही, हेही. तो हसला नाही. एवढंच म्हणाला, “इथे ढगांमागे सूर्य सापडतो का हो रोज?”

“त्याला मी सापडते की.”

तो हलकेच म्हणाला, “नशीबवान आहे.” फोन ठेवल्यावर निशिगंधानं आरशात पाहिलं आणि उगीचच पदर नसलेल्या खांद्यावरून हात फिरवला.

महोत्सवाच्या दिवशी ते पोचले तेव्हा उन्हं कलली होती. पाइनच्या झाडांमधून सोनेरी वाळू दूरवर पसरलेली, आणि वाऱ्यावर कुठून तरी बासरी. जयंत-शोभना तबला घेऊन मंचाकडे गेले, जाता जाता शोभना म्हणालीच, “बघ हं निशू, हे म्हणजे चाकांवरची चाळ झाली!”

“इकडे या ना… एक दाखवायचंय,” हृषिकेशनं गाडीचं दार उघडलं.

मागच्या कोपऱ्यात, खिडकीपाशी, फिकट जांभळ्या कापडाची एक गादी होती. कडेची शिवण थोडी वाकडी.

“तुमच्यासाठी. भाड्याच्या गाद्या दगडासारख्या असतात. म्हणून कंपनीतून सीटचा उरलेला फोम मागून घेतला, रोज संध्याकाळी थोडा थोडा कापला… शिवणही माझीच. हसू नका.” एरवी बोलका माणूस, पण आता बोटांनी गादीची किनार चाचपत होता. “बसून तर बघा.”

निशिगंधानं ती वाकडी शिवण पाहिली. एवढं मन लावून तिच्यासाठी कुणी काही केलं नव्हतं. आणि नेमकं तेच तिला घेता येत नव्हतं. एक रात्र झोपलं तर काय होणार? कुणाला कळणार? तिनं हात पुढे केला… आणि आत्याचा आवाज आला. कुणाच्या भिडेखातर सोडूही नये.

“मला यावर झोपता येणार नाही,” ती म्हणाली.

त्याचा चेहरा विझल्यासारखा झाला. “नाही आवडली?”

“फार आवडली. म्हणूनच खरं सांगते.” आणि मग तिनं सगळं सांगितलं. नेम, आषाढी, कार्तिकी, आणि ती पोह्यांची बशीसुद्धा. बोलताना तिची नजर त्याच्या ओठांवर होती. आता हसेल… आता हसेल…

तो हसला नाही.

“आणि मी तुमच्यावर वोनमोबिल लादलं,” तो पुटपुटला. मग एकदम, “गाडीची फरशी चालेल? चाकं जमिनीला टेकलीत, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या…”

“देवाला असल्या तांत्रिक पळवाटा कळतात हो,” ती हसू दाबत म्हणाली. “जमीन म्हणजे जमीन.”

“गेनाऊ, अगदी बरोबर!” म्हणत तो गाडीतून बाहेर पडलासुद्धा.

शेजारी फ्राऊ लेमान नावाच्या आजी एकट्याच छोट्या तंबूत उतरल्या होत्या. कंबर धरून उठताना त्यांचे सुस्कारे इकडे ऐकू येत होते. हृषिकेश त्यांच्यापाशी उकिडवा बसला, हातवारे करून काहीबाही बोलला. जरा वेळानं आजी गालभर हसत वोनमोबिलमध्ये शिरल्या आणि जांभळ्या गादीवर अशा विसावल्या की जणू ती त्यांच्याच मापाची शिवली होती.

“तंबू तुमचा,” तो परत येऊन म्हणाला. “आजींच्या पाठीला गादी मिळाली, तुम्हाला जमीन.”

“आणि तुम्हाला?”

“मला…” तो वाळूत रेघ ओढू लागला. “कार्तिकीनंतर काय असतं हो? नेम संपला की?”

“उद्यापन. जे सोडलं, तेच कुणाला तरी द्यायचं. सत्पात्री दान.”

“म्हणजे गादी द्यायची?”

“हो.”

“मग मलाच द्या ना ती.” त्यानं मान वर केली. खट्याळपणा होता, पण कडेला. मधे काहीतरी फार साधं, उघडं होतं. “मात्र मला एकट्याला नको ती. माझ्याशी लग्न कराल? तुमचे नेम, उपास, अर्घ्य, सगळं धरून विचारतोय. काहीही वगळून नाही.”

मंचावर जयंतचा तबला सुरू झाला होता. निशिगंधानं वाळूतली ती रेघ पाहिली, आणि बोटानं तिच्याशेजारी दुसरी ओढली, तेवढीच लांब.

“आत्याला विचारावं लागेल,” ती म्हणाली. “पण ती नाही म्हणाली तर… भिडेखातर सोडणार नाही मी तुम्हाला.”

तो आता मात्र हसला, मोकळा, लहान मुलासारखा. मग उठता उठता म्हणाला, “उद्या अर्घ्याचं पाणी मी आणीन. नळ पार त्या टोकाला आहे. सूर्योदयाआधी तंबूच्या दाराशी असेल. तू स्वस्थ झोप.”

तू. तो शब्द कानात घेऊनच ती जमिनीवर आडवी झाली, आणि जमीन कधी इतकी मऊ लागली नव्हती.

जाग आली तेव्हा पूर्वेला नुसती राखाडी चाहूल होती. बाहेर वाळू करकरली. तिनं तंबूची कड बोटभर वर केली. वोनमोबिलच्या पायरीशी, उघड्या जमिनीवर अंथरलेली एक सतरंजी हृषिकेश घडी करत होता. केसांत वाळू, शर्टाला चुण्या. उघड्या दारातून त्याच्या वाट्याची गादी दिसत होती, न उलगडलेली. त्यानं एक हात कंबरेवर ठेवला, तोंड वाकडं केलं… पण आवाज केला नाही. रिकामा कॅन उचलला, त्याची कडी वाजू नये म्हणून मुठीत गच्च धरली, आणि चपला हातात घेऊन, अनवाणी, तो नळाच्या दिशेनं चालू लागला.