हिरवी पट्टी

माझ्या पायाखाली लाल चिकटपट्टी होती, आणि समोर हिरव्या पट्टीवर एक उंच, हडकुळा माणूस उभा होता. माणूस कसला, नुसते कान आणि गुडघे.

“मॅडम,” तो म्हणाला, “तुमच्या गावी सफरचंदाला बहर येतो का?”

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

“मला विचारताय?”

“पुठ्ठा वाच, पोरी! पुठ्ठा!” वरच्या काचेच्या खोलीतून कुणीतरी खेकसलं.

नॅशव्हिलला वेंडेल टॅकेटच्या शनिवारच्या शोमध्ये मी कपड्यांना इस्त्री करायला लागले होते. त्या दिवशी पाहुण्या गायिकांची बदली मुलगी आलीच नाही. माझी उंची तिच्याएवढी, म्हणून हातातली इस्त्री काढून घेऊन मला उजेडात उभं केलं. काम सोपं होतं. मोठी माणसं संध्याकाळी यायची. तोवर त्यांच्या पट्टीवर उभं राहायचं, त्यांची वाक्यं म्हणायची, म्हणजे दिवे आणि कॅमेरे लावून होतात. खरं चित्रण सुरू झालं की आपण बाजूला. पाहुणीची जागा मी धरायची. वेंडेलची जागा धरायचा हा, हॉलिस कोम्ब्स, केंटकीच्या कोळशाच्या डोंगरातला.

कॅमेऱ्याशेजारी म्हातारा व्हर्जिल वाक्यं लिहिलेले मोठमोठे पुठ्ठे धरून उभा होता. मी वाचलं, “आधी झाड दाखवा, मग बहराचं बघू.”

“झाड लहान आहे… पण सावलीत दोघं मावतात.”

हे तो अशा काही आवाजात म्हणाला, की मी पटकन पुठ्ठ्याकडे पाहून घेतलं. तिथे लिहिलेलंच होतं. मी जरा हिरमुसलेच.

इस्त्रीकडे मला पुन्हा कुणी पाठवलं नाही. दर गुरुवारी दुपारी आम्ही दोघं तापलेल्या दिव्यांखाली उभे. केसांच्या फवाऱ्याचा वास, गळक्या छपराखाली ठेवलेल्या बादलीत टपटपणारं पाणी, आणि रिकाम्या बाकांसमोर दुसऱ्यांचं प्रेम.

“मागच्या गुरुवारी तू माझ्याकडे बघत नव्हतीस,” तो म्हणायचा.

“मागच्या गुरुवारी मी जिची जागा धरली होती, तिला वेंडेल आवडत नाही.”

“आणि तुला?”

“मला? वेंडेलपेक्षा त्याची टोपी बरी वाटते.”

“टोपी तर माझ्या डोक्यावर होती.”

“म्हणून तर बघत नव्हते…”

मग एकदा व्हर्जिलच्या हातून पुठ्ठे सांडले आणि उलटसुलट झाले. पुठ्ठ्यावर बिस्किटांच्या पिठाची जाहिरात आली आणि हॉलिस निवांतपणे सफरचंदाच्या झाडाबद्दल बोलत राहिला. सगळे हसले. मला हसू आलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला मागच्या दारी गाठलं.

“तुला वाचता येत नाही.”

त्याने बोलोनीच्या सँडविचचा घास सावकाश चावला. “व्हर्जिल सकाळी एकदा वाचून दाखवतो. एकदा पुरतं. आमच्याकडे खाणीत उतरायला अक्षर लागत नाही, आर्डिथ. बापाला लागलं नाही. वर यायलाही लागलं नसतं… तो वर आलाच नाही, ते सोड.”

“मी शिकवू?”

“शिकव. पण मास्तरीण अशी दिसत असेल, तर पोरगं नापास होणार.”

शिकवायचं राहूनच गेलं. फौजेचं बोलावणं आलं. एकदा त्यांनी त्याला परत पाठवलं होतं, अक्षर येत नाही म्हणून. आता व्हिएतनामला माणसं कमी पडत होती, तर अक्षराचं कुणी विचारेना.

जायच्या आदल्या दिवशी त्याच मागच्या दारी, पत्र्यावर पाऊस वाजत असताना, तो म्हणाला, “मी आलो की लग्न करशील माझ्याशी?”

मी सवयीने त्याच्या खांद्यामागे पाहिलं.

“तिकडे काय बघतेस? पुठ्ठा नाही. हे माझं आहे.”

मला ‘हो’ म्हणायचं होतं. पण माझे वडील कोरियाच्या लढाईत मारले गेले, तेव्हा मी चार वर्षांची होते. त्यांच्या बदल्यात आलेला तिकोनी घडीचा झेंडा आईने मरेपर्यंत कपाटात जपला. दर रविवारी त्याची धूळ झटकायची.

“मला विचार करू दे,” मी म्हटलं.

“कर. पण पत्र लिहू नकोस हं. कुणीतरी शेंबडा ते तंबूत मोठ्याने वाचणार, नाकातून. तुझं ‘नाही’ मला नाकातून ऐकायचं नाही.”

“मग सांगू कशी?”

तो आत गेला आणि जमिनीवरची हिरवी पट्टी सोलून घेऊन आला. माझ्या तळहातावर ती चिकटवत म्हणाला, “शेवटच्या स्तोत्राला खांद्यावर लाव. ‘हो’ असेल तर ही माझी. ‘नाही’ असेल तर तुझी लाल. शो फौजेला दाखवायला पाठवतात, उशिरा, पण पाठवतात. मला अक्षरं येत नाहीत, आर्डिथ… रंग येतात.”

स्तोत्र हा वेंडेलचा हट्ट होता. शो संपताना सुतार, दिवेवाले, इस्त्रीवाल्या, बदली, सगळ्यांनी मागच्या रांगेत खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि गायचं. आम्ही टीव्हीवर दिसायचो ते तेवढेच, मुगाच्या दाण्याएवढे. हॉलिस नेहमी माझ्या डावीकडे असायचा. फार बेसूर गायचा.

तो गेला. गुरुवार येत राहिले. हिरवी पट्टी माझ्या पर्समध्ये, आणि मी दर स्तोत्राला बिनपट्टीची. एका गुरुवारी वेंडेलने सगळ्यांना बोलावलं आणि टोपी काढून सांगितलं, न्यूयॉर्कच्या टीव्हीवाल्या साहेबांना असले गावंढळ, गोठ्यातले कार्यक्रम नकोसे झालेत. हा शेवटचा.

त्या संध्याकाळी मी हिरवी पट्टी खांद्यावर लावली. इतकी घट्ट दाबली की हात दुखला. स्तोत्र सुरू झालं. पलीकडून व्हर्जिल दातओठ खात कुजबुजत होता, “सरक, आर्डिथ! अगं सरक ना!” पण मला कॅमेऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. मी आयुष्यात इतकं मोठ्याने गायले नव्हते.

शनिवारी ओपलमावशीकडे शो पाहायला बसले. मावशीचा टीव्ही जुना, काळा-पांढरा. स्तोत्र लागलं. मुगाच्या दाण्यांमध्ये मी, आणि माझ्या खांद्यावर… राखाडी ठिपका.

“काय गं, डाग पडला होय?” मावशी म्हणाली.

वर्षभर रंगीत दिव्यांखाली उभे राहिलेले आम्ही दोन शहाणे! फौजेच्या तंबूत कुठला रंगीत टीव्ही? लाल लावा, हिरवी लावा, राखाडीच. आणि पुढचा शो नव्हता.

मग मी पत्र टाकलं. नाकातून वाचलं गेलं तरी चालेल म्हणून टाकलं. एकच शब्द लिहिला. उन्हाळा निम्मा झाला, तेव्हा ते तसंच बंद परत आलं, वर शिक्का मारलेलं. तो शिक्का काय असतो, हे वडिलांनंतर आमच्या घरात कुणी समजावून सांगायला लागत नव्हतं.

पानगळीच्या दिवसांत एका दुपारी एक मुलगा मावशीच्या व्हरांड्याच्या पायरीवर येऊन उभा राहिला. एक बाही पिनेने वर टाचलेली.

“मी एमरी. हॉलिसच्या तुकडीतला. लाल-हिरवीवाली तूच का?”

मी झोपाळ्यावर होते.

“त्याने शेवटचा शो पाहिला?” मी विचारलं.

“पाहिला ना!” तो पायरीवरच बसला. “जेवणाच्या तंबूत. पडद्यावर नुसते पांढरे ठिपके, बर्फ पडल्यासारखे. स्तोत्र लागलं तसं आम्हाला गप्प करून हॉलिस पुढे जाऊन बसला. आणि एकदम ओरडला, ‘अरे, ही तर राखाडी आहे!’ आम्ही हसून मेलो. अर्धा तंबू म्हणे लाल, अर्धा म्हणे हिरवी. सिगारेटींची पैज लागली.”

“आणि तो?”

“तो पडद्याला नाक लावून बसलेला. मग म्हणाला, काढा सिगारेटी, मी जिंकलो. हिरवी आहे. आम्ही म्हटलं, कशावरून रे गाढवा? तर म्हणाला, बघा, सगळी रांग खांद्याला खांदा लावून उभी आहे. आणि हिच्या शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी. ती माझी जागा आहे. धरून ठेवलीय तिने.”

व्हर्जिलचा आवाज माझ्या कानात आला. सरक, आर्डिथ. सरक ना.

“त्या सिगारेटी ओढून संपायच्या आतच…” एमरी टाचलेल्या बाहीची पिन चाचपत म्हणाला.

पाऊस आला. पायरी भिजायला लागली. तो उठून आत सरकला आणि झोपाळ्याकडे पाहत म्हणाला, “इथे बसू का, तुझ्या बाजूला?”

मी उजव्या कडेला बसले होते. डावीकडची जागा मोकळी होती.

“थांब हं,” मी म्हटलं. “तुला खुर्ची आणते.”