माणूसघाणा ड्राइव्ह

“काका, थांबा! ‘हो’ दाबू नका!”

भिंगरी ओरडली आणि टिंगूने थेट लॅपटॉपवरच उडी मारली. काकांच्या धाकट्या, नऊ वर्षांच्या टिंगूचं वजन ते काय असणार, पण काकांच्या हातातला चहा सदऱ्यावर सांडायला तेवढं पुरलं.

“अरे, दरोडा घालताय की काय!” काका करवादले. “डिस्क रिकामी आहे म्हणून लॅपटॉपच सांगतोय. कोरी करून घेऊ का विचारतोय, तर मी आपलं हो म्हणत होतो!”

“रिकामी नाहीये ती. दादाची आहे,” भिंगरी म्हणाली.

दादा म्हणजे भिंगरीचा सख्खा भाऊ, सोळा वर्षांचा. आठ महिन्यांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत तो गेला. जुन्या कॉम्प्युटरचे सुटे भाग जमवायचे, एकमेकांशी जुळवायचे आणि त्यावर जुने खेळ खेळायचे, कधी स्वतः नवे बनवायचे, हे त्याचं वेड. तो गेल्यावर भिंगरीच्या आईच्या डोळ्यांसमोर नको म्हणून काकांनी पंधरा दिवसांत त्याचं यंत्र उचलून देऊनही टाकलं. मनात वाईट काही नव्हतं, पण विचारलं मात्र कोणालाच नाही. भिंगरी शाळेतून आली तेव्हा टेबलावर फक्त धुळीचा चौकोन उरला होता. त्या दिवशी ती जेवली नव्हती.

आणि आता सुट्टीत, कपाटाखालच्या डब्यात या तीन फ्लॉपी डिस्क सापडल्या होत्या. डिस्कवर दादाच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं, ‘भिंगरीसाठी. मी सांगेपर्यंत बघायचं नाही!’ काकांनी ऑफिसातून त्या वाचायचा एक ड्राइव्ह मागून आणला, तर तिन्ही डिस्क रिकाम्या!

“आक्षेप आहे!” काकांचा थोरला मुलगा म्हणाला. वय तेरा, पण वाद घालायची हौस अशी की सगळे त्याला वकीलच म्हणत. “रिकाम्या डिस्कवर नाव घालून कोण जपून ठेवतं, बाबा?” त्याने प्रत्येक डिस्कच्या कोपऱ्यातली चिमुकली खीळ नखाने सरकवली. “झालं! आता यांच्यावर कोणालाच काही लिहिता येणार नाही. तुम्हालासुद्धा!”

काका सदरा बदलायला गेले. भिंगरी डिस्क हातात धरून बसून राहिली.

“दादाचा ड्राइव्ह पण असाच करायचा,” ती हळूच म्हणाली. “मित्रांच्या डिस्क वाचायचाच नाही. दादा म्हणायचा, माझा ड्राइव्ह माणूसघाणा आहे, माझ्या हातचंच खातो.”

वकील ताडकन उठला. “म्हणजे डिस्क चांगल्या आहेत! ड्राइव्हच वाकडा होता! वाकड्याने लिहिलेलं सरळ ड्राइव्हला कसं वाचता येणार? आपल्याला तोच ड्राइव्ह हवा!”

मग वकिलाने काकांची उलटतपासणी घेतली.

“यंत्र कोणाला दिलंत?”

“होता कोणीतरी दुकानदार. आठ महिने झाले, मला काय आठवणार?”

“दुकान वर होतं की खाली?”

“खाली. तळघरात. वरती घड्याळवाला.”

“आणि म्हणे आठवत नाही!” टिंगू म्हणाला.

‘घड्याळवाल्याखालच्या दुकानात जातो आहोत, काळजी नसावी,’ अशी चिठ्ठी फ्रिजवर लावून तिघं निघाली. चिठ्ठीने काळजी मिटते, असं त्यांना खरंच वाटत होतं.

तळघरात भिंतभर छोटे खण होते आणि प्रत्येकावर चिठ्ठी. कपाळावर भिंग बांधलेले एक म्हातारे कारागीर पिवळट पडलेल्या यंत्राचं झाकण बसवत होते. भिंगरीने ते झाकण लगेच ओळखलं. कोपऱ्यात तिनेच चिकटवलेलं बदकाचं चित्र अर्धवट खरवडलेलं होतं.

“आजोबा, हे आमच्या दादाचं आहे!”

“होतं,” आजोबा म्हणाले. “आता पाच वाजता गिऱ्हाईक न्यायला येतंय. पण ज्याने हे जोडलं ना, त्याचा हात फार चांगला! मेमरीच्या पट्ट्या बघा, अगदी जुळ्या शोधून लावल्यात. मोठ्या मोठ्या दुकानदारांना हे जमत नाही. फक्त फ्लॉपीचा ड्राइव्ह वाकडा होता. दोन दिवस खपून सरळ केला मी!”

“सरळ केलात?” भिंगरीचा आवाज चिरकला.

“म्हणजे काय! आता कुठलीही डिस्क वाचतो.”

तिने दादाची डिस्क पुढे केली. आजोबांनी ती घातली. ड्राइव्ह खरखरला, थांबला आणि पडद्यावर आलं, डिस्क वाचता येत नाही.

भिंगरीला रडू फुटलं. शेवटी वकिलानेच अडखळत सगळं सांगितलं, ताप, चार दिवस, डिस्कवरचं नाव.

आजोबांनी कपाळावरचं भिंग काढून पुसलं. ड्राइव्हच्या एका स्क्रूवर लाल रंगाचा थेंब वाळलेला होता. “काम चोख झालं की मी हा थेंब टाकतो. टाकल्यावर पुन्हा हात लावत नाही,” ते म्हणाले आणि चाकूच्या टोकाने तो खरवडू लागले. “चांगलं यंत्र मुद्दाम बिघडवायची वेळ पहिल्यांदाच आली. पण किती वाकडा होता ते मी कुठे लिहून ठेवलंय? कुठल्या बाजूला वाकवू? हा कधीतरी जोरात पडला होता, एवढं नक्की. कसा पडला ते कळलं असतं तर...”

“माझ्या हातून पडला होता,” भिंगरी म्हणाली.

हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

“दोन वर्षं झाली. टेबलावरून मागच्या बाजूवर पडला. दादा म्हणाला, काही झालं नाही, पळ खेळायला.” तिने नाक पुसलं. “मला खरंच वाटलं की काही झालं नाही.”

दोन वर्षं दादाने वाकड्या ड्राइव्हशी जुळवून घेतलं होतं आणि तिला कळूही दिलं नव्हतं.

“मागच्या बाजूवर? मग आतलं डिस्क वाचणारं हेड पुढे सरकलं असणार,” आजोबा म्हणाले. त्यांनी स्क्रू केसभर फिरवला आणि डिस्क घातली. नाही! पुन्हा केसभर. नाही! टिंगू वहीत रेघा ओढत होता. पाच वाजता गिऱ्हाईक आलं, तर आजोबांनी मान वर न करता सांगितलं, “हे विकायचं नाही. तुम्हाला दुसरं जोडून देतो.”

टिंगूची एकेचाळिसावी रेघ ओढून झाली आणि ड्राइव्ह खरखरला, पण या वेळी थांबला नाही!

“वाचतोय! वाचतोय!” तिघं एकदमच किंचाळली.

नेमका तेव्हाच जिना धडधडला. आई आणि काका! “चार तास! चिठ्ठी लावून कोणी असं...” आईचं वाक्य तिथेच राहिलं. तिने बदकाचं अर्धं चित्र पाहिलं होतं.

आजोबा म्हणाले, “रागावू नका बाई. चाळीस वर्षं हे काम करतोय, पण आज ही पोरं मला शिकवून गेली. फार गुणी आहेत.”

“मीच चुकलो, वहिनी,” काका खाली बघत म्हणाले. “भिंगरी, मी तुला विचारायला हवं होतं गं. शाबास तुम्हा तिघांची.”

पण भिंगरीचं लक्ष पडद्याकडे होतं, दादाने स्वतः बनवलेल्या खेळाकडे. एका घरातल्या बंद दारापाशी ठिपक्या-ठिपक्यांचे दोघंजण उभे होते, एक उंच, एक बुटकी. खाली अक्षरं काढलेली होती. ‘डावीकडची बटणं दादाची, उजवीकडची भिंगरीची. दोघं पोचल्याशिवाय एकही दार उघडणार नाही.’

वकिलाने हात पुढे केला. “मी होऊ का दादा?”

“नको,” ती म्हणाली. “मीच दोघांना नेते.”

तिने दोन्ही हात ठेवले. पहिलं दार उघडलं. बुटकी तुरुतुरु निघाली. उंच मुलगा मात्र भिंतीला धडकत होता, वळणावर अडकत होता, कारण भिंगरीचा डावा हात अगदीच कच्चा. खरं तर रस्त्याने नेहमी दादाच पुढे असायचा आणि ती मागून पळायची. आता बुटकी पुढच्या दाराशी पोचली आणि दादा लांब मागे राहिला.

आई खुर्चीच्या पाठीला धरून बघत होती. आठ महिन्यांत तिने दादाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

“हळू जा गं,” आई रडत म्हणाली. “येतोय ना तो मागून.”

भिंगरीने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने एकेक बटण दाबत दादाला दारापर्यंत आणू लागली.